नऊ-नऊ वर्षांनी

बाटल्यांची बुचं बनतात ती साल उतरवली की बुचाच्या झाडाच्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगानं लिहायचा, ही अलेंतेजू प्रांतातली रीत. यंदाचा ‘६’ सगळ्या खोडांवर लिहून आमादेउ रंगाचा डबा ठेवायला कचेरीत शिरला, तर रानाची मालकीण इदालिना कॉम्प्युटरशी भांडत बसलेली.

त्यानं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पडद्यावर सोलणीची वर्षं: २०२६, २०२७, २०२८...

“दरवर्षी सोलणार? झाडानं तुझं काय घोडं मारलंय, मालकीणबाई?”

“तोंड आवर. एक वर्ष लिहिलं, चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढला, तर हा शहाणा एकेक वाढवत सुटला.”

साल पुन्हा धरायला नऊ वर्षं लागतात, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. यंत्राला कोण सांगणार?

आमादेउच्या अंगाला घामाचा, ओल्या सालीचा वास येत होता. उन्हाळाभर त्याच्या हातून पाण्याची सुरई घेताना इदालिनानं शब्द गिळले होते. आता हंगाम संपला. त्याला उत्तरेच्या कारखान्यात नेणारा ट्रक फाटकाशी उभा होता. लाजत बसलेल्या पोरींच्या नशिबी ट्रकची धूळच येते... तिला ती खायची नव्हती.

तिनं सगळं पुसलं. २०२६ लिहिलं, खाली २०३५. दोन्ही धरून कोपरा ओढला. २०४४, २०५३, २०६२...

“दोन दाखवले की चाल कळते त्याला,” ती म्हणाली.

“पस्तीस साली सोलायला कोण?”

“तूच सांग.”

“मिळेल की कुणीतरी.”

“कुणीतरी नको. कुऱ्हाड बोटभर आत गेली तर झाड जातं. तुझा हात हवा.”

“नुसता हात?” तो हळूच म्हणाला.

पहिल्या वर्षाशेजारी तिनं ‘आमादेउ’ लिहिलं आणि कोपरा धरून तळापर्यंत ओढलं. प्रत्येक वर्षापुढे तोच.

“मला न विचारता?”

“विचारतेच आहे. नाही म्हणायचं तर आत्ता म्हण. ट्रक उभा आहे.”

त्यानं रंगानं माखलेला हात तिच्या हातावर, माउसवर ठेवला. पुढच्या चौकोनात दुसऱ्या हाताच्या एका बोटानं शोधत शोधत ‘इदालिना’ लिहिलं — आणि ओढलं.

“या यादीच्या शेवटी आपण म्हातारे होऊ गं...”

“होऊ. त्यात काय?”

बाहेर भोंगा वाजला. हात न उचलता आमादेउनं खिडकीतून हाक दिली, “ट्रकमधली माझी पिशवी तेवढी खाली टाका रे.”