दादांच्या पसंतीची गाडी

“एकामागून एक तीन गाड्यांची इंजिनं बसली. तिन्ही माझ्या शब्दावर घेतलेल्या,” दादा म्हणाले. “ज्यानं हे केलं त्याला माझ्यासमोर उभा करा. पुढचं मी बघतो.”

घराण्यात गाडी घ्यायची तर दादांना विचारायचं, असा शिरस्ता होता. पुतण्या, साडू आणि भाचीजावई, तिघांनाही त्यांनी एकच पेट्रोल गाडी सुचवली. मागं म्हातारी माणसं ऐसपैस बसतात, डिकीत सामान मावतं आणि इंजिन म्हणजे बैल. त्यांची स्वतःचीही तीच होती आणि ती खणखणीत चालत होती. भाचीजावयाची मात्र भर उतारावर बंद पडली, मागं पोरं असताना. आता नातेवाईक दादांना तोंडावर हसत होते.

समोर बसलेल्या, खासगी तपास करणाऱ्या गृहस्थांना सगळे बारीकराव म्हणत. सोबतीला त्यांचा मेहुणा असे; मनानं सरळ, डोक्यानं सावकाश.

गॅरेजमध्ये मेकॅनिकनं ऑइल चिमटीत चोळून दाखवलं. त्यात कुणीतरी व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट कालवली होती. गाड्या बंद पडल्यावरच आपल्याकडे आल्या, असं तो म्हणाला. गाड्यांच्या मालकांनीही तेच सांगितलं. बॉनेट उचकटल्याची खूण नव्हती, आणि ते उघडायचा खटका गाडीच्या आत होता.

मेहुणा दमून एका गाडीत टेकला आणि नव्या सीटकव्हरांची तारीफ करू लागला. ती धाकट्या भावजयीनं शिवली, असं सोबत आलेले दादा कौतुकानं म्हणाले. घरातली प्रत्येक नवी गाडी दोन दिवस तिच्या दुकानात राहायची. दादांचीही राहिली होती. तिचा नवरा, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, त्याच्या गाडीतच वारला, दवाखान्याच्या वाटेवर. त्यानंतर तिनं हे दुकान टाकलं.

ती गाडी कुणी निवडली होती, असं बारीकरावांनी विचारलं. दादांनी विषय बदलला.

शोरूमचा विक्रेता वैतागला होता. तीनपैकी दोनच गाड्या त्यानं विकल्या होत्या, आणि आपल्याच मालाची बदनामी तो कशाला करेल?

“मेकॅनिकच असणार, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “धंदा त्याचाच वाढला.”

भावजय मशीनवर शिवत होती. बारीकरावांनी तिला फक्त गाड्या बंद पडल्याचं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

“इंजिनातलं मला काय कळतंय? ऑइलच्या टोपणातून कुणी काही ओतलं असेल, तर ते दादाच ओळखतील.”

दुसऱ्या दिवशी बारीकरावांनी सगळ्यांना दादांच्या दिवाणखान्यात बसवलं.

“बॉनेट किल्लीवाल्यानंच उघडलं,” ते म्हणाले. “मेकॅनिककडे गाड्या नंतर आल्या. तिसरी गाडी विक्रेत्याची नव्हेच. चारही गाड्यांच्या किल्ल्या मिळाल्या त्या एकाच घरच्या माणसाला, सीटकव्हरं बसवायला. आणि ऑइलचं नाव मी काढलं नव्हतं, बाई. तुम्ही काढलंत.”

“पण दादांवर राग होता, तर त्यांची गाडी शाबूत कशी?” मेहुण्यानं विचारलं.

“तीही बिघडली असती, तर लोकांनी दादांची कीव केली असती. मारायचा होता तो त्यांचा शब्द.”

भावजय शांतपणे दादांकडे वळली.

“आमच्या गाडीचं इंजिन तापतं, काटा वर जातो, असं मी दोनदा सांगितलं होतं. बायकांना काट्यातलं काय कळतं, म्हणालात. यांच्या छातीत कळ आली त्या दिवशी गाडी वाफ सोडत रस्त्यात उभी राहिली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. आणि तेराव्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, त्यालाच गाडी सांभाळता आली नाही.”



“उतारावर मागं पोरं होती,” बारीकराव म्हणाले.

“माहीत आहे. त्या रात्री झोप लागली नाही. पण पश्चात्तापही झाला नाही, खोटं कशाला बोलू?”

तेवढ्यात दादांच्या मुलाचा परगावाहून फोन आला. त्यानं गाडी घेतली होती. कुठली, ते त्यानं सांगितलं. वडिलांना का विचारलं नाही, ते सांगितलं नाही. दादांनीही विचारलं नाही. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भावजयीनं उठून पायात चपला सरकवल्या.

“चला, चौकीवर,” ती बारीकरावांना म्हणाली. “माझं इथलं काम झालं.”