नऊ हातांची शिळा

घोणसगडावर पहाट आकाशातून उतरत नसे, दरीतून चढत असे. आधी खालच्या मुलखावर पसरलेलं धुकं तापल्या दुधासारखं उतू येई, मग त्या दुधातून तांबडा गोळा गडाच्या पायाखालून डोकं वर काढी, आणि माचीवरचे कोंबडे माना खाली घालून आरवत. कडा एवढा उभा की वरून सोडलेला धोंडा तळाला पोचेपर्यंत सोडणाऱ्याचा विडा चघळून व्हावा. आणि धोंडा शत्रूच्या टाळक्यात बसलाच, तर त्याची किंकाळी वर येईस्तोवर दुसरा विडा लावावा लागे. अशा त्या गडावर आडदऱ्यांच्या नऊ घरांचं राज्य होतं, आणि पौषातल्या त्या पहाटे ते राज्य विकलं गेलेलं होतं. ही गोष्ट आडदऱ्यांपैकी दोघांच सख्ख्या भावांना ठाऊक होती. थोरल्या रायाजीनं ते विकलं होतं. धाकट्या सटवाजीला ते आत्ता, दिंडी दरवाजाच्या जंगीतून, तटातल्या त्या तिरक्या भोकातून खाली पाहताना कळलं होतं.

करवंदीच्या जाळ्यांमधून टोकं चमकत होती. पौषात करवंदीला पोलादी काटे फुटत नाहीत, एवढं सटवाजीला कळत होतं. सुभेदाराची फौज दिवाळीपासून गडाला वेढा घालून बसली होती, पण ती पार खाली, नदीच्या पलीकडे. आज ती दाराशी येऊन दबा धरून बसली होती.

आदल्या सांजेला रायाजीनं त्याला बाजूला घेऊन फर्मावलं होतं, "उद्या दरवाजावर आपल्या घराची पाळी. नगाऱ्याचा पहिला ठोका पडला की अडसर काढायचा. वकिलाचे नजराण्याचे उंट यायचेत."

तेव्हाच चपापायला हवं होतं. ज्या वाटेवर शेळीसुद्धा नवस बोलून चढते, त्या वाटेनं उंट! पण थोरल्या भावाचा शब्द म्हणून सटवाजीनं उंटसुद्धा गिळला होता.

त्यानं मागं वळून पाहिलं. पाळीवरचे सहाही शिपाई त्याच्याच घरचे, रायाजीच्या अन्नावर वाढलेले. यांना सांगून उपयोग नव्हता. त्यानं अडसराला मोठं कुलूप ठोकलं, हातभर लांबीची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली आणि "हुकमाशिवाय दाराला हात लावील त्याचा हात राहणार नाही" एवढंच बोलून तो कड्याकडे निघाला.

कड्यावर त्या दिवशी नवा नाईक बसायचा होता. जुना नाईक साबाजी वेढ्यातल्या तापानं गेला, आणि आडदऱ्यांमध्ये नाइकी बापाकडून लेकाकडे जात नसे. ती शिळेवरून जाई. कड्याच्या अगदी ओठावर हातभर रुंदीची एक काळी शिळा होती. ज्याला नाईक व्हायचं त्यानं तिच्यावर दरीकडे पाठ करून बसायचं. मग नऊ घरांचे कर्ते एकेक करून पुढे येत आणि त्याच्या छातीवर उघडा तळवा ठेवीत. पसंत असेल तर हात काढून घ्यायचा. नसेल तर जरासं रेटायचं, पुढचं काम दरी करी. मात्र रेटणाऱ्यानं लगेच त्याच शिळेवर बसायचं आणि उरलेल्यांचे हात छातीवर घ्यायचे, असाही नेम होता. त्यामुळे किती पिढ्यांत कोणी कोणाला रेटलं नव्हतं. पण हात ठेवताना प्रत्येकाला त्याची आठवण असे, आणि बसलेल्याला तर फारच. दर दसऱ्याला नाइकानं पुन्हा बसावं लागे. शिळेवरून बोललेला शब्द आडदरे खरा मानीत. दरीला टेकून खोटं बोलण्याइतकी छाती कोणाची नसते, असा त्यांचा हिशेब.

राहता राहिला प्रश्न, हे आडदरे मूळचे कोण. नऊ घरांच्या नऊ कथा होत्या. कोणी म्हणे, उत्तरेकडच्या कुठल्याशा सूर्यवंशी राजपुत्राचे वंशज. कोणी म्हणे, कोंडजाईदेवीनं दैत्य मारून कपाळाचा घाम झटकला, ते नऊ थेंब म्हणजे ही नऊ घरं. खालच्या मुलखातले सावकार म्हणत, कसला राजपुत्र आणि कसला घाम, हरलेल्या फौजांतून पळालेले शिपाई, मेंढरं हाकणारे धनगर आणि मिठाच्या गोण्या वाहणारे लमाण कड्यावर चढले आणि खाली उतरायला लाजले, ते हे. या वादात हाणामाऱ्या होत, लग्नं मोडत. पण राज्य कधी मोडलं नव्हतं, कारण शिळा कोणाचं कूळ विचारीत नसे.

ते विचारायला लावलं सुभेदाराच्या वकिलानं. तिमाजीपंत त्याचं नाव. जे तोफांनी झालं नाही ते स्तुतीनं करायचं म्हणून तो तहाची बोलणी घेऊन वर आला, आणि येताना कल्याणभाट नावाचा एक वंशावळी गाणारा बरोबर घेऊन आला. या भाटाची ख्याती अशी की बिदागी बरी असेल तर तो तुमच्या बैलाचंसुद्धा गोत्र नंदीपर्यंत नेऊन भिडवी.

सटवाजी पोचला तेव्हा सभा भरली होती, आणि शिळा रिकामी होती. तिच्यापासून चांगली वीस हात दूर चांदीच्या पायांची एक खुर्ची मांडलेली. तिच्यात रायाजी, अंगावर वकिलानं दिलेली जरीची खिलत, डोक्यावर छत्र. भाट गात होता.

"...आणि त्या सूर्यकुलदीपकाबरोबर त्याचे आठ सेवक दक्षिणेत आले! एक घोड्यांचा मोतद्दार, एक मशालजी, एक पाणक्या..."

"थांब," असा आवाज आला. ही बकूबाई. नवरा लढाईत पडल्यापासून आपल्या घराची कर्ती. तिच्या जिभेला तलवारीसारखं म्यान लागतं असं गडावर बोलत. "आमचा मूळपुरुष कोण म्हणालास?"

"मशालजी, बाईसाहेब."

"बरं झालं. सूर्याच्या पोराला मशाल लागत होती, म्हणजे उजेड कोणाचा होता ते कळलं."

सभा खदखदली. रायाजी ताडकन उठला. "हसा! उद्यापासून हसायला माझी परवानगी लागेल. आजपासून या गडावर नाईक नाही, राजा आहे. राजाच्या छातीला मोतद्दार-पाणक्यांचे हात लागत नाहीत. वेढा उठतो आहे तो माझ्या कुळाकडे पाहून!"

"कोणाच्या कुळाकडे?" म्हाताऱ्या कमळोजीनं विचारलं. त्यानं हातातली काठी रोवली. या कमळोजीचा एकुलता लेक शिकारीच्या वाटणीवरून भांडण होऊन रायाजी-सटवाजीच्या बापाच्या भाल्यानं मेला होता. तेव्हापासून त्यानं या घराचं पाणी वर्ज्य केलं होतं. "तुझ्या बापाला मी ओळखत होतो, रायाजी. सूर्याचं त्याच्यात काही असेल तर ते दुपारी झोपण्याचं."

तेवढ्यात सटवाजी गर्दीतून सरळ पुढे गेला, खुर्चीवरून गेला, छत्रावरून गेला आणि जाऊन शिळेवर बसला. दरीकडे पाठ. खालच्या वाऱ्यानं त्याचा अंगरखा फुगला.

"सटव्या! उठ तिथून," रायाजी ओरडला.

"कसा उठू, दादा? तू सूर्यवंशी तर मीही सूर्यवंशी, आपली आई एकच." सटवाजीनं सभेकडे मान वळवली. "पंच हो, मी शिळेवरून बोलतो आहे. आमच्या घरानं दरवाजा विकला. खालच्या करवंदीत सुभ्याचं पायदळ बसलं आहे. नगाऱ्याचा ठोका पडला की मी अडसर काढायचा असा हुकूम मला झाला. किल्ली ही गळ्यात आहे. मला रेटायचं तर रेटा. माझ्याबरोबर तीही जाईल."

तिमाजीपंत हसला. त्यानं कल्याणभाटाला विचारलं, "भाटजी, हा धाकटा कुठल्या वंशाचा?"

"हा... चंद्रवंशी असावा," भाट घाम पुसत म्हणाला.

"एका आईचे दोघे, एक सूर्याचा, एक चंद्राचा!" बकूबाई म्हणाली. "त्या माउलीला दिवसरात्र उसंत नव्हती म्हणायची."

वकिलाचं हसू मावळलं. दारावरचे शिपाई रायाजीचेच, कुलूप तोडायला वेळ लागणार नाही, असं गणित मांडून त्यानं हात वर केला. नगारा दणाणला.

आणि खालून, धुक्याच्या पोटातून, हजार नरड्यांची आरोळी उठली. उंट काही असे ओरडत नाहीत. सटवाजीचा शब्द खरा ठरायला आणखी साक्ष नको होती. बकूबाईनं मागं न पाहता दोन बोटं उचलली, आणि तिच्या घरची तरणी पोरं कोयते घेऊन दरवाजाकडे सुटली.

रायाजी शिळेकडे धावला. "किल्ली दे!" त्यानं एका हातानं सटवाजीची छाती दाबली आणि दुसऱ्यानं दोरी धरली. सटवाजीची टाच शिळेवरून घसरली. एक खडा सुटला आणि कोणालाच त्याचा आवाज ऐकू आला नाही.

"रेट, दादा," सटवाजी हळू म्हणाला. "मग इथं तुला बसायचंय. मागं वळून बघ, किती हात थांबलेत."

रायाजीनं वळून पाहिलं. आठ कर्ते एका ओळीत उभे राहिले होते. कोणी तलवारीला हात घातला नव्हता. आठांनीही फक्त उजवा तळवा उघडून समोर धरला होता. रायाजीच्या हातातून दोरी सुटली. मग छातीवरचा हात निसटला. तो मागं मागं सरकत गेला, खुर्चीला अडखळला आणि खिलतीसकट तिच्यात जाऊन पडला.

"हात ठेवला आणि रेटलं नाही!" बकूबाई कडाडली. "पहिलं घर झालं. पुढं कोण?"

खाली दरवाजावर कुऱ्हाडी पडत होत्या, बाण सुटत होते, कोयते खणखणत होते. आणि वर आडदऱ्यांची ओळ देवळातल्या दर्शनासारखी संथ पुढे सरकत होती. त्यांची ती खोडच होती. आधी हात, मग हाणामारी.

सर्वांत शेवटी कमळोजी आला. काठी त्यानं खाली ठेवली आणि तळवा सटवाजीच्या छातीवर टेकवला. काढला नाही. म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होते.

"तुझ्या बापानं माझा लेक मारला," तो म्हणाला.

"होय, कमळोजीबाबा."

"माझ्यामागं आता कोणी नाही. मला या शिळेवर बसायला भीती वाटायचं कारण नाही. कळतंय?"

"कळतंय."

छातीवरचा भार वाढला. सटवाजीला पाठीच्या मणक्यात दरी जाणवली. गार, लांब, वाट पाहणारी. त्यानं डोळे मिटले नाहीत. तेव्हा कमळोजीची बोटं आवळली, त्यांत अंगरख्याची मूठ आली, आणि त्यानं त्याला हिसका देऊन शिळेवरून आत ओढलं.

"आज दरवाजा राखायचा आहे. तुला मारायला दरसाल दसरा येतो," तो म्हणाला, आणि काठी उचलून धोंडे लोटायला निघून गेला.

त्या सकाळी घोणसगडावरून इतके धोंडे लोटले गेले की गड दोन हात बुटका झाला, असं अजून सांगतात. दरवाजा उघडला नाही, आणि होळी पेटायच्या आत वेढा उठला.

वकिलाला मारायची आडदऱ्यांची रीत नव्हती, आणि सख्खं रक्त सांडायचीही नव्हती. तिमाजीपंत आणि भाट पायवाटेनं उतरले. रायाजीला मात्र मानानं पाठवायचं ठरलं. त्याला त्याच्याच चांदीच्या खुर्चीत बसवलं, वर छत्र बांधलं, आणि दोरांनी कड्यावरून खाली सोडलं. तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे. शिळेवर बसायचं टाळलं होतं, ते त्याला तळापर्यंत बसावं लागलं. खाली सुभेदारानं त्याला दोन गावं दिली, सूर्याचं निशाण दिलं. पण पुढे जन्मभर दरबारात कुठंही बोलावणं आलं तरी तो आधी भिंत शोधायचा आणि पाठ तिला चिकटवूनच बसायचा.

सटवाजी नाईक झाला. दर दसऱ्याला तो शिळेवर बसे, हात येत आणि जात, आणि शेवटी कमळोजी येई. त्याचा तळवा सगळ्यांहून जास्त वेळ टेकलेला असे. "अजून विसरलो नाही," तो म्हणे. "ठाऊक आहे," सटवाजी म्हणे. त्याच भीतीनं सटवाजीनं कोणाचं शेत लाटलं नाही, न्यायात झुकतं माप टाकलं नाही, आणि भाटाला गडाची पायरी चढू दिली नाही.

मग एका पावसाळ्यात कमळोजी गेला. सटवाजीनं त्याला स्वतः खांदा दिला. पुढच्या दसऱ्याला तो नेहमीसारखा शिळेवर बसला. ओळ सरकली, कमळोजीनं मागाहून घेतलेल्या दत्तक नातवानं लाजत लाजत हात टेकवला आणि चटकन काढून घेतला. सगळे हात झाले. सटवाजी तरी बसूनच राहिला, त्या एका जड तळव्याची वाट पाहिल्यासारखा. आणि अखेर उठला, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा तोल गेला.