तुझ्याच हातून

रविवारी दुपारी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मोठ्या मंडपात, टेबलासाठी मारामार असते. विभा आणि तिचे वडील मनोहरराव एका म्हाताऱ्या चिनी बाईच्या टेबलावर जागा करून बसले. मनोहररावांनी पुण्याच्या कॉलेजात आयुष्यभर ग्रीक शोकांतिका शिकवल्या होत्या. बायको गेल्यावर ते पहिल्यांदाच लेकीकडे परदेशात राहायला आले होते.

बाईनं सूप संपवलं. उठताना विभाकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाप तुझ्याच हातून जाणार, बाई."

"आंटी, काय म्हणालात?" विभा मराठीतच बोलून गेली.

"टेबल फ्री लाह. यू सिट," असं तिथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणून म्हातारी गर्दीत मिसळली.

मनोहररावांनीही ऐकलं होतं. ते हसले. "ग्रीक राजे असलं काही ऐकलं की पळत सुटायचे. पळाले म्हणूनच गाठले गेले. तू जेव निवांत."

विभा वन-नॉर्थच्या एका लॅबमध्ये औषधांच्या दुष्परिणामांवर संशोधन करायची. भविष्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या रात्री बाबांच्या गोळ्या काढताना तिचा हात अडखळला. "बाबा, तुमच्या तुम्ही घ्याल?" मग त्यांचा चहा करणं सुटलं. रस्ता ओलांडताना ती त्यांचा दंड धरायची, तेही सुटलं. बाबा स्वतःचा चहा स्वतः करू लागले.

एका सकाळी त्यांच्या पेल्याशेजारी मूठभर गोळ्या काढून ठेवलेल्या होत्या.

"एवढ्या कशाला गं?" बाबांनी विचारलं. "पहाटे तूच ठेवून गेलीस ना?"

विभा पहाटे उठलीच नव्हती.

त्याच दिवशी तिनं त्यांचं परतीचं तिकीट काढलं.

"मी जड झालो का?"

"नाही हो बाबा. लॅबमध्ये काम वाढलंय."

"पळतेयस तू," ते हळूच म्हणाले.

चांगी विमानतळावर निरोप घेताना त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती मागे सरली. लांबूनच वाकून नमस्कार केला. हात तसेच खाली घेऊन ते आत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

ते पुण्याला पोचून महिनाही झाला नसेल, शेजारच्या नीताकाकूंचा फोन आला. बाबा गेले. दुपारी घरात एकटेच होते, छातीत कळ आली.

"कोणी जवळ असतं तर..." काकू रडत म्हणाल्या.

विभानं फोन कानाशी धरूनच पुण्याचं तिकीट शोधायला घेतलं.

"पण शेवटी तुझा आवाज तरी कानी पडला त्यांच्या."

"माझा?"

"मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेले, तर फोन त्यांच्या कानाशीच होता. तू बोलत होतीस."

विभानं त्या दिवशी फोन केलेलाच नव्हता.

"मी फोन हातात घेऊन म्हटलं, डॉक्टरांना बोलावते. तर तूच म्हणालीस ना गं, राहू दे काकू, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. म्हणून मी थांबले."