कड्यावरचा सातवा

पाऊस आला आणि दहा-बारा पर्यटक माझ्या कड्याच्या आडोशाला घुसले. माझ्या म्हणजे, ज्यावरचे आठशे वर्षांपूर्वीचे लेख मी कित्येक वर्षे वाचत होते, त्या. दक्षिण चीनमधल्या आमच्या गुइलिनमध्ये लोक डोंगराला हत्ती म्हणतात, गुहांत जांभळे दिवे लावतात. दगडावर लिहिलेले मात्र कुणी वाचत नाही.

त्यांच्या मार्गदर्शकाने छत्री मिटली आणि सर्वांत झिजलेल्या लेखावर बोट ठेवले. "हे एका प्रियकरानं कोरलंय. ती नदीवरून येणार होती..."

अज्ञान मी क्षमा करते. छातीठोक अज्ञान नाही.

"सहा सरकारी अधिकारी आले, दारू प्यायले, नावं कोरून गेले," मी म्हणाले. "त्यांत प्रियकर एकही नाही."

"बाई, सहा अधिकारी बघायला थेट उत्तर टोकाच्या हार्बिनहून कोण येईल?"

पर्यटक हसले. मीही हसले असते... पण मी संशोधक आहे.

त्याचे नाव मेंग शू. दुसऱ्या दिवशी तो नवा गट घेऊन आला. प्रियकराला आता क्षय झाला होता.

"त्याला मारणार कधी?" मी विचारले.

"तुम्ही ऐकायचं सोडलंत की."

मग तो गटाशिवायच येऊ लागला. तांदळाच्या शेवयांचा वाडगा पुढे करून म्हणे, "आंबट शेंगा जास्त घातल्यात. तुमच्या स्वभावाला."

पुराव्याविना मी काहीही मान्य करत नाही. पण त्याचा ओला खांदा शेजारी असला की मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असे, हे नोंदवणे भाग आहे.

वसंतात पर्यटन कंपनीने त्याला युन्नानच्या बर्फाच्या डोंगरांकडे धाडले. तो निरोपाला आला, तेव्हा मी लेखाच्या तळाशी हात ठेवला.

"इथे आणखी एक ओळ आहे. सातवा येतो म्हणाला होता. आला नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही त्याचीही गोष्ट केली असती."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. "शरदात गुइची झाडं फुलली की येतो."

"सातवाही असंच म्हणाला असेल."

त्या वर्षी गुइची झाडे उशिरा फुलली. शहरभर मधासारखा गंध दाटला, आणि मला त्या गंधाचाच राग येऊ लागला. नदीवरची प्रत्येक नाव मी न्याहाळत होते — अर्थात, लेख वाचता वाचता. मग फुले गळू लागली.

एका सकाळी पर्यटकांतल्या एका आजींनी विचारले, "पोरी, काय लिहिलंय गं इथं?"

सहा अधिकारी ओठांपर्यंत आले. बाहेर पडले ते वेगळेच. "हे एका मुलीनं कोरलंय, आजी. तो नदीवरून येणार होता..."

"साफ खोटं," मागून कुणीतरी म्हणाले. "सहा अधिकारी होते."

मी वळले. त्याच्या केसांत गुइची पिवळी फुले अडकली होती.

"सातव्याला," तो धापा टाकत म्हणाला, "गाडी उशिरा मिळाली."