गार ट्रम्पेट

"चार वाजता कमिटी बसणार आणि काकांना काढणार," त्यांची पुतणी उभ्याउभ्याच म्हणाली. तिला बसवेना.

वाद्यवृंदाचा शंभर वर्षांचा जुना ट्रम्पेट कपाटातून काढून कोणीतरी चेचला होता, सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान. तेव्हा इमारतीत दोघंच होते, पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य जागेवर, ट्रम्पेट वाजवणारे काका आणि दुसऱ्या खुर्चीवरचा त्यांचाच शिष्य. कपाटाची किल्ली ऑफिसात खिळ्याला लटकलेली, म्हणजे कुणालाही सापडेल अशी. शिष्य म्हणे तालीम करत होता, म्हणून संशय काकांवर.

तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींनी लगेच चपला चढवल्या. मागून त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, अर्ध्या चहाकडे हळहळून बघत निघाले.

काका वरच्या खोलीत एकटेच वह्या लावत होते. "साक्षीदार कुठून आणू?" ते म्हणाले. तीस वर्षं वाजवलेल्या माणसाच्या तोंडून वहिनींना ते ऐकवेना.

शिष्य मात्र शांत होता. "नऊपासून मी खालच्या तालीमखोलीत वाजवत होतो, बाई. सलग तासभर. तिथून आवाज बाहेर जात नाही. दहाला काकांची ही पुतणी पियानोवर साथीला आली, तेव्हा माझा ट्रम्पेट माझ्या हातातच होता."

"होता," पुतणी नाइलाजाने म्हणाली. "आम्ही आधी सूर जुळवला. त्याचा बराच उतरला होता, म्हणून तो चढवायला त्याने ट्रम्पेटची सुराची नळी पार आत ढकलली. पंधरा मिनिटांत सूर जास्तच चढला, तशी परत बाहेर ओढली."

वहिनींच्या येरझारा थांबल्या. साडेतीन वाजले होते.

"मग याने काही केलेलं नाही," भाऊजी पुटपुटले.

"चला कमिटीकडे," वहिनी म्हणाल्या.

कमिटीपुढे काका आणि शिष्य बसले होते, वहिनी बसल्याच नाहीत. "पितळी वाद्य गार असलं की सूर उतरतो. फुंकून आत ऊब आली की चढतो. तासभर वाजवलेला ट्रम्पेट दहाला चांगला तापलेला हवा. याचा गार होता. म्हणजे तासभर याचा ट्रम्पेट पेटीत होता आणि हा कपाटापाशी."

"अरे, मग तसंच वाजवायचं," भाऊजी न राहवून म्हणाले. "नळीला हात कशाला लावलास?"

शिष्याने मान खाली घातली. "बेसूर नाही वाजवता येत मला. पहिली खुर्ची हवी होती. काका असेपर्यंत ती मिळणार नव्हती."



"कान मीच तयार केला त्याचा," काका म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.