नाकातला कापूस

मेलेल्याच्या नाकात कापूस घालायची आपल्याकडं रीत. आप्पासाहेब आपल्याच अंगणातल्या कापसाच्या ढिगाखाली सापडले, तेव्हा कुणी रीत पाळायच्या आधीच त्यांच्या नाकात तंतू होते. सिल्लोडकडचे ढीग म्हणजे काय विचारता! एकदा एक बैल त्यात शिरला, तो सरकी खाऊन पुढच्या हंगामात गुबगुबीत बाहेर आला. मग ढीग ढासळून म्हातारा गुदमरला, यात कसलं नवल?

फौजदार तनुजाला मात्र ते वाटलं.

"भिकननंच ढीग पाडला, मॅडम," मुलगा शिवराज म्हणाला. "ढिगापाशी बिडी ओढली म्हणून आप्पानं त्याच्या कानाखाली वाजवली होती."

राखणदार भिकन कोठडीत भिंतीकडं बघत होता.

"मारलंस का रे?"

"मार मी खाल्ला, मॅडम. आता फाशी बी मलाच का?"

ती पुन्हा शिवराजकडं आली. "आप्पा ढिगाकडं कधी गेले?"

"जेवले आन् तसेच गेले. आडवे बी नाय झाले."

"घरात कोण होतं?"

"मी एकटाच. आई गंगापूरला, मावशीकडं."

निरोप मिळून परतलेल्या शिवराजच्या आई, आशाबाई, ओसरीवर बसल्या होत्या. डोळे कोरडे. मांडीवर उशी, आणि तिच्या उसवलेल्या शिवणीत एक बोट.

"त्यांची मान दुखायची," त्या म्हणाल्या. "त्यांना सावरीच्या झाडावरच्या कापसाचीच उशी लागायची. आमच्या शेतातल्या कापसाची नाय चालायची."

"ही तुम्हाला कुणी दिली, आशाबाई?"

"शिवानं. म्हणला, जरा पड."

तनुजानं शिवणीतली चिमूटभर सावर मागून घेतली आणि संभाजीनगरची प्रयोगशाळा गाठली; आप्पांच्या नाकातले नि नखांतले तंतू तिथं आधीच पोचले होते. वनस्पतिशास्त्राची पदवी तिनं उगाच घेतली नव्हती. सूक्ष्मदर्शकाला तिनं स्वतः डोळा लावला.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर उभी राहिली.

"शिवराज, कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची. शेजारणी साल होऊन बसतात, ही लांबत जाते आणि वाळली की पिळलेल्या फितीसारखी दिसते. सावरीचा तंतूही एकच पेशी, पण बोंडाच्या आतल्या भिंतीवरची. गुळगुळीत, पोकळ नळी. पिळा नाही. पेशीनं एकदा आपलं काम धरलं, की ती दुसरीचं सोंग घेत नाही."

"मग?"

"आप्पांच्या नाकात सावर आहे. नखांतही. ढिगातला कापूस एक तंतूभर नाही. म्हणजे ढिगात पोचले तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला होता. तुम्ही म्हणता, ते आडवेच झाले नाहीत. मग उशीची शिवण त्यांच्या नखांनी कशी उसवली? आणि घरात तुम्ही एकटेच."

शिवराज बाजारभाव सांगावा तसा बोलला. "शेंद्र्याची जमीन इकू देत नव्हते."

"भिकनला सोडा," तनुजानं शिपायाला सांगितलं, आणि ती उशी घ्यायला वाकली.

आशाबाईंनी ती पुढं केली.

"काल रातच्याला हीच होती डोक्याखाली," त्या म्हणाल्या. "झोप लई चांगली लागली."