पन्नास ठिपक्यांतला उरलेला एक

√५० + √१७ ही बेरीज कोणत्या पूर्ण संख्येच्या सर्वांत जवळ आहे? ८, ११, १२ की ३३?

शाल्मलीने आठवर बोट ठेवलं. "पन्नास नि सतरा सदुसष्ट. त्याचं वर्गमूळ आठच्या आसपास. झालं!"

"झालं खरं," आजोबा म्हणाले, "परीक्षेचं वाटोळं."

शाल्मलीला हसू आलं नाही. आई दोन वर्षं चंद्रावरच्या वेधशाळेत होती. तिच्याकडे जायचं, तर चांद्रप्रवेश चाचणी पास करावी लागे. प्रश्नाला एक मिनिट, गणकयंत्राला बंदी. चंद्रावर वर्गमुळं कशाला लागतात, हे नियम करणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. शाल्मली एकदा नापास झाली होती. आता चुकली, तर आई आणखी तीन वर्षं पडद्यावरच दिसणार होती.

कोकणातल्या त्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) संध्याकाळ उतरत होती. समोर आकाशपाळणा (अंतराळस्थानकापर्यंत नेणारा उंच उद्वाहक) धाग्यासारखा वर जाऊन ढगात विरघळला होता. तो उभारण्यात आजोबांची हयात गेली होती. आता ते त्याच्याकडे बघत चहा पीत.

"गणपुले, तुम्ही सांगा," शाल्मली म्हणाली.

गणपुले हा घरचा यंत्रमानव. आजोबांनी त्याला अचूकपणा शिकवला होता; थांबायला शिकवायचं राहून गेलं होतं.

"पन्नासचं वर्गमूळ," गणपुले खाकरला, "सात दशांश शून्य सात एक शून्य सहा सात आठ एक एक आठ…"

आजोबांचा चहा संपला. गणपुले चालूच.

"ही संख्या संपणारी नाही, शालू. मिनिट मात्र संपतं. गणपुले, तोंड चालू द्या, पण हाताने जरा ठिपके काढा."

गणपुलेच्या बोटातून उजेडाचे पन्नास ठिपके सुटले आणि काजव्यांसारखे अंगणात तरंगू लागले.

"मांड चौकोनी रांगोळी."

शाल्मलीने फुंकर घालून ठिपके ओळींत ढकलले. सात ओळी, ओळीत सात. एक ठिपका उरला, तो तिच्या नाकासमोर लुकलुकत राहिला.

"एकोणपन्नासचा चौकोन, बाजू सात. हीच बाजू म्हणजे वर्गमूळ (जी संख्या स्वतःशीच गुणली की मूळ संख्या येते, ती). पुढचा चौकोन?"

"आठ आठे चौसष्ट. त्याला अजून पंधरा ठिपके लागतील."

"हाताशी?"

"एकच! म्हणजे सातच्या किंचित पुढे."

सतराचीही तीच गत. चार ओळी, ओळीत चार, उरला एक. पुढच्या चौकोनाला हवे होते नऊ. चारच्या किंचित पुढे.

"सात नि चार अकरा, वर दोन चिमट्या. दोन्ही मिळून अर्धासुद्धा भरत नाही. अकरा!"

"आणि मघाचे आठ?"

शाल्मली शेजारी शेजारी तरंगणाऱ्या दोन चौकोनांकडे बघत राहिली. "जोडायच्या होत्या बाजू. मी रांगोळ्याच मोडल्या नि सगळे ठिपके एकात कोंबले."

"…चार आठ चार नऊ," गणपुले म्हणाला.

चाचणीत प्रश्न आला: √८० − √१०. शेजारचा मुलगा कागदावर भराभरा गुणाकार करत होता. शाल्मलीने डोळे मिटले. अंधारात नऊ ओळींचा चौकोन उजळला, कोपऱ्यातला एक ठिपका मात्र गायब. बाजूला तीन ओळींचा चौकोन, त्याच्या माथ्यावर एक जास्तीचा. नऊला किंचित कमी, त्यातून तीनहून किंचित जास्त गेले. सहापेक्षा थोडं कमी. पर्यायांत पाच होते, सहा होते, आठही होते. ऐंशीतून दहा गेले सत्तर, त्याचं वर्गमूळ आठच्या आसपास; अंगणातल्या त्या आठची ओळख होती. तिने त्यांना नमस्कार केला आणि सहावर खूण केली.

महिन्याभराने आकाशपाळणा तिला घेऊन सावकाश वर निघाला. खाली गावातले दिवे ठिपक्यांएवढे लहान होत गेले. तेवढ्यात कानातल्या यंत्रातून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"शालूताई, पन्नासचं वर्गमूळ अजून चालूच होतं. आज थांबवलं."

"तुम्ही? थांबलात?"

"सातच्या किंचित पुढे, एवढं पुरे. आता आम्हाला तुझी वाट बघायची आहे."

वर चंद्र मोठा होत होता.